कुंडी

हत्तरगीचा टोलनाका ओलांडला की
डाव्या हाताला उसाच्या वर निळी घसरगुंडी दिसते.
तिथं रोज चार वाजता मी हत्ती असतो.
सोंडेतला पंखा गेल्या हंगामात बंद पडला.
बघायला तोंडात जाळी आहे,
म्हणजे जग मी बघतो ते हत्तीच्या घशातून.

भरमा मुचंडीकर माळी.
डोक्याला टॉवेल, हातात झारी, पुढ्यात एक मातीची कुंडी.
सगळा खेळ त्या कुंडीवर.
"कुंडी सांभाळा हो, हत्ती आला!
पावणं, तुमची कुंडी उन्हात तापलीया,
जरा सावलीला सरकवा की!"

इचलकरंजीची पोरं कुंडीतला झेंडू बघतात.
गोकाकचे बाप मान खाली घालून खोकतात.
कन्नडात कुंडी म्हणजे काय, मी सांगत नाही;
ज्यावर बसून तुम्ही हे वाचताय, ती.
आणि मधल्या बाकांवर आमच्या इकडच्या बायका,
दोन्ही भाषा पदरात बांधलेल्या,
एकाएकी घसरगुंडीकडं बघायला लागतात
जशी काय ती आत्ताच उगवली.

अथणीच्या एका मास्तरांनी तक्रारवहीत दोन पानं लिहिली,
अक्षर मोत्यासारखं:
साडेसहाशे तिकीट, मुलंबाळं घेऊन यायची जागा,
आणि हे?
मॅनेजर म्हणाले, टब म्हणा.
भरमा भडकला. "टबाला कोण हसतंय, साहेब?
हळदीला बायका काय काय बोलतात,
पोरं मांडीवरच असतात की.
त्यांच्या डोक्यावरनं जातंय सगळं."

मला त्याचं पटायचं.
तरी मोठ्या पाळण्याच्या दारात तो लाकडी जिराफ आहे ना,
पोटावर लाल रेघ, चार फुटांच्या आत मनाई,
त्याच्यापुढनं जाताना वाटायचं,
आमच्या मांडवात हा कुठं उभा करायचा?

एकदा जाळीतून एक मुलगी दिसली.
दहा-अकराची, ओल्या वेण्या, हातात भाजलेलं कणीस.
हसत होती, आणि हसू अर्ध्यात थांबलं.
तिला कळलं होतं.
तिनं बापाकडं बघितलं,
मग आपण बघितलेलं बापानं बघितलं का, ते बघितलं,
आणि कणसात तोंड घातलं.
मी हत्ती करायचा विसरलो.
भरमानं झारीनं ढोसलं.

शनिवारी डबा धुता धुता तो म्हणाला,
"उद्या आमची रेणुका येतीया. पाचवीला हाय, कन्नड शाळेत."
नळ बंद केला.
"उद्याच्या दिवस टब म्हणतो."
मी काही बोललो नाही. सोंड गुंडाळत होतो.

रविवार. उभं राहायला जागा नाही.
"टब सांभाळा हो," भरमा म्हणाला,
आवाजात मीठ नाही.
बाकं गप्प. कुणाच्या तरी बाळानं जांभई दिली.
आणि पहिल्या बाकावरनं, खणखणीत:
"अप्पा, टब न्हवं! कुंडी! इसरलास काय?"

घरी आरशापुढं तो म्हणायचा.
तिला सगळं तोंडपाठ.

अख्खा मांडव फुटला.
मास्तर असते तर तेही हसले असते, बहुतेक.
भरमा तेवढा हसला नाही.
झारीचं पाणी त्याच्याच पायावर पडत होतं
आणि लेकीच्या तोंडाकडं तो असा बघत होता
जसं लहान अक्षरातलं काही वाचायचंय
आणि चष्मा घरी राहिलाय.

मला दुसरं काय सुचणार?
चार पावलं गेलो आणि त्या कुंडीवर बसलो.
मातीची फुटली.

पगारातनं ऐंशी रुपये कापणार आहेत.
संध्याकाळी हत्तीचं डोकं उन्हात वाळत घातलं होतं,
तेव्हा रेणुका आली, ओंजळीत झेंडू, मुळासकट.
"काका, आता हे कशात लावायचं?"
मी भरमाकडं बघितलं, भरमानं माझ्याकडं.
शब्द दोघांच्याही तोंडात होता.